गरोदरपणातली सरकारी लाल गोळी: काय चांगलं, कुठे कमी पडते

इंदूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत गरोदर बाईला जी लाल गोळी फुकट मिळते, तिच्याबद्दल आपल्या घरांत अढी आहे. "ती राहू दे, मेडिकलमधून चांगली आण," हे वाक्य रामबागेतही ऐकू येतं आणि सुदामानगरातही. म्हणून निकाल आधीच सांगतो: गोळी चांगली आहे, मात्र ती घेण्याची वेळ चुकली की तिचा बराचसा उपयोग वाया जातो.

एका गोळीत 60 मिलिग्रॅम एलिमेंटल, म्हणजे प्रत्यक्ष लोह असतं आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. दुकानातली स्ट्रिप घ्यायचीच असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. फेरस फ्युमरेटच्या वजनाचा साधारण एक तृतीयांशच भाग लोह असतो, म्हणजे नुसतं "फेरस फ्युमरेट 150 मिग्रॅ" लिहिलेल्या गोळीत लोह पन्नासच्या आसपास, सरकारी गोळीपेक्षा कमी. तुलना करायची ती एलिमेंटल आकड्याची. दवा बाजारातून घेतली, जनऔषधीतून घेतली किंवा कॉलनीतल्या मेडिकलमधून, नियम हाच.

खरी अडचण सकाळच्या पोह्यांपाशी आहे. इंदुरात नाश्ता म्हणजे पोहे आणि लगेच कडक चहा, आणि गोळीही त्याच वेळी आठवते. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यात धरून ठेवतं, लोह रक्तात फारच कमी जातं. दुधाचंही तेच, कॅल्शियमच्या गोळीचंही तेच, अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाचंही तेच. मग महिनाभर नेमाने गोळी घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही आणि बोल लागतो गोळीला.

कॅल्शियमची सरकारी गोळी 500 मिलिग्रॅमची, सोबत 250 युनिट डी3. ती दिवसातून दोनदा, जेवणानंतरच घ्यायची, कारण त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट पोटातल्या आम्लाशिवाय नीट विरघळत नाही. सुटसुटीत वेळापत्रक असं: एक कॅल्शियम नाश्त्यानंतर, दुसरी दुपारच्या जेवणानंतर, आणि लाल गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. झोपतानाचं हळद-दूध मग संध्याकाळी हलवावं लागतं. इथेच बहुतेक घरांत गाडी अडते, कारण ते दूध आजेसासूबाईंनी ठरवलेलं असतं. दूध बंद करायचं नाही, फक्त वेळ बदलायची, एवढं त्यांना समजावून सांगा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर हे वेळापत्रक चालत नाही. त्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब हवीत. थायरॉइडची सकाळी सहाला उपाशीपोटी, कॅल्शियम दुपारी एकच्या जेवणानंतर, लाल गोळी संध्याकाळी पाचला आणि चहा सहानंतर, दुसरी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर.

मळमळ होते, तोंडाला लोखंडी चव येते, पोट कडक होतं. ही तक्रार रास्त आहे आणि गोळी सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच. उपाशीपोटी सोसत नसेल तर जेवणानंतर लगेच घ्या. लोह थोडं कमी भिनेल, पण सोडलेल्या गोळीतून काहीच भिनत नाही. चावू नका, कुस्करू नका. शौचाचा रंग काळपट-हिरवा होणारच, त्याला घाबरू नका. शौच डांबरासारखी चिकट होऊन पोटातही दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता गोळी कुठे कमी पडते ते. पहिली गोष्ट, पहिल्या तिमाहीसाठी ती नाही. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत वेळ जवळजवळ गेलेली असते. म्हणून 400 मायक्रोग्रॅमची नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मूल ठरवतानाच सुरू व्हायला हवी. दुकानात बऱ्याचदा 5 मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात. ती आधीच्या बाळात ही नळी नीट बंद न झाल्याचा दोष असेल, मिरगीची औषधं किंवा मधुमेह असेल, अशांसाठी डॉक्टर लिहून देतात.

दुसरी उणीव जास्त महत्त्वाची: हिच्यात बी12 नाही. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास असते, आणि फॉलिक अ‍ॅसिड रक्ताचा रिपोर्ट सुधारून तिला झाकून टाकतं, नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. शाकाहारी बाईने पहिल्या तपासणीतच बी12 बघून घ्यावं. इथे बाहेरच्या गोळीचे पैसे खर्च करणं योग्य आहे. सगळं एकाच गोळीत कोंबलेली मल्टीव्हिटॅमिन मात्र आम्ही सुचवणार नाही. लोह आणि कॅल्शियम एकाच घासात पोटात गेलं तर किमतीचा काय उपयोग?

हिमोग्लोबिन 11 च्या खाली आणि 7 च्या वर असेल तर दिवसाला दोन गोळ्या देतात आणि महिन्याने पुन्हा तपासतात. निदान 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. 7 च्या खाली गोळीवर विसंबू नका, रुग्णालयातच जायचं. नीट घेऊनही वाढ नसेल तर थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची तपासणी करून घ्या, नवऱ्याचीही. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टर मोफत तपासतात. हिमोग्लोबिनचे आकडे त्याच दिवशी मातृ-शिशु कार्डावर लिहून घ्या.

गोळ्या पट्टीतच ठेवा, बरणीत ओतू नका. दमटपणाने साखरेचा थर चिकट होतो, डाग पडतात. अशी पट्टी आशा कार्यकर्तीकडून बदलून मागा. आणि कुलपात ठेवा. लाल, गुळगुळीत, वरून गोड: घरातल्या मोठ्या मुलाला ती चॉकलेटची गोळीच वाटते. दहा किलोच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर ते विष ठरतं. उलटी होऊन मूल बरं दिसलं तरी थेट रुग्णालय गाठा, कारण सुरुवातीच्या उलट्यांनंतर काही तास मूल बरं वाटतं आणि मग ढासळतं.

बाळाचं लोह वेगळं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर सिरप, त्यात 20 मिलिग्रॅम लोह. 50 मिलिलिटरची बाटली सहा महिन्यांच्या जवळपास पुरते. आधी हलवा आणि जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, म्हणजे दातांवर काळे डाग पडत नाहीत. ताप किंवा जुलाब असतील तर तेवढे दिवस थांबा. जीवनसत्त्व अ चा डोस नवव्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, तो मध्य प्रदेश सरकारच्या दस्तक अभियानात घरपोचही मिळतो.

डी3 चे थेंब मात्र बाहेरून घ्यावे लागतात: पहिल्या वर्षात रोज 400 युनिट. बाजारात 1 मिलिलिटरमध्ये 400 युनिटचीही बाटली आहे आणि 800 चीही, खोकी सारखीच दिसतात. 800 ची असेल तर अर्धाच मिलिलिटर द्यायचा, आणि बाटली बदलली की ड्रॉपरही त्याच बाटलीतला वापरायचा.