'ट्यून केलेली' जुनी एअर रायफल घेताना: ९०० च्या आकड्यामागे काय लपवतात

जुन्या जर्मन बनावटीची ब्रेक-बॅरल एअर रायफल (नळी मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते अशी), कॅलिबर .१७७. जाहिरातीत लिहिलं होतं: 'पूर्ण ट्यून, नवी हेवी स्प्रिंग, ९०० फूट प्रति सेकंद'. सोबत क्रोनोग्राफचा, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ, त्यात आकडा खरोखर ९०० च्या वर. न उघडलेल्या तशाच बंदुकीच्या जवळजवळ दुप्पट पैसे विक्रेत्याने घेतले. खरेदीदाराने ८.४४ ग्रेनचे (ग्रेन हे छऱ्याच्या वजनाचं माप) नेहमीचे छरे घालून मोजलं तेव्हा वेग ६४० च्या आसपास येऊन स्थिरावला. व्हिडिओत काटछाट केलेली नव्हती. आकडा कसा काढला, एवढंच सांगितलं नव्हतं.

पहिली चलाखी छऱ्याच्या वजनाची. व्हिडिओतला छर्रा ५.२५ ग्रेनचा, शिसं नसलेला मिश्रधातूचा होता. ऊर्जा काढायचं सूत्र सोपं आहे: छऱ्याचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग (फूट प्रति सेकंद), भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पाउंडात येतं, त्याला १.३५६ ने गुणलं की ज्यूल मिळतात. ५.२५ ग्रेन आणि ९०० वेग धरला तर ९.४ फूट-पाउंड होतात. ८.४४ ग्रेन आणि ६४० ला ७.७. म्हणजे ९०० हा आकडा तोंडात बोट घालायला लावणारा असला तरी ऊर्जा साधारणच होती, आणि त्यातलाही काही भाग हवेचा नव्हता, तेलाचा होता. वजन न सांगता नुसता वेग सांगणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. क्रोनोग्राफच्या पडद्यावर थेट ज्यूल दिसत असले तरी सावध राहा. तिथलं छऱ्याचं वजन विक्रेत्यानेच भरलेलं असतं.

तेलाची चलाखी जास्त घातक. चाप ओढला की स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा दाबली गेलेली हवा क्षणभर प्रचंड तापते. पिस्टनच्या टोकाला हवा अडवणारं सील असतं, त्याच्या पुढे खनिज तेल किंवा साधं ग्रीस असेल तर त्याची वाफ पेटते आणि छऱ्याला फुकटचा जास्तीचा धक्का मिळतो. आवाज कडक येतो, नळीतून धूर निघतो, जळका वास येतो. पहिले पाच-दहा छरे जोरात जातात, मग वेग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. व्हिडिओ त्या पहिल्या छऱ्यांचाच असतो. नुकत्याच वंगण घातलेल्या बंदुकीत सुरुवातीला थोडा धूर दिसणं साहजिक आहे, सीलच्या जागी चामडी वॉशर असलेल्या बंदुकीत तर हमखास दिसतो. पण तीस-चाळीस छऱ्यांनंतर तो थांबायला हवा. सतत जळत राहिलं तर सीलची कड जळते आणि स्प्रिंग मोडते. चांगल्या स्थितीतल्या स्प्रिंग बंदुकीत ओळीने दहा छऱ्यांच्या वेगात वीसेक फुटांच्या आत फरक पडतो. पन्नास-शंभरचा फरक दिसला तर तेल जळतंय किंवा सील गेलं आहे.

ही बंदूक उघडल्यावर आत काय निघालं ते नीट सांगायला हवं, कारण असं काम सर्रास होतं. मूळ स्प्रिंगच्या जागी जाड तारेची, भलत्याच मॉडेलची स्प्रिंग होती. तिच्यामागे दोन पोलादी स्पेसर, म्हणजे जागा भरणाऱ्या चकत्या. स्प्रिंगची टोकं कापून तशीच सोडलेली, ना तापवून बसवलेली ना घासलेली. मागचा गाइड (स्प्रिंग सरळ ठेवणारा दांडा) इतका सैल की स्प्रिंग आत वाकून सिलिंडरला घासत होती. ती खरखर दाबायला सगळीकडे काळं घट्ट ग्रीस थापलं होतं. तेच ग्रीस सीलच्या पुढे गेलं आणि जळू लागलं. ट्रान्सफर पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून नळीत हवा जाण्याचं भोक, ड्रिलने मोठं केलेलं होतं. बाकी सगळं बदलता येतं. हे भोक पुन्हा लहान करायला आत पितळी बुश बसवावा लागतो, आणि ते काम लेथवरच्या चांगल्या कारागिराचं आहे.

जाड स्प्रिंग म्हणजे जास्त शक्ती, ही समजूत या सगळ्या धंद्याचं मूळ आहे. स्प्रिंग बंदुकीची शक्ती मुळात पिस्टन किती हवा ढकलतो यावर ठरते. २५ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, असेल तर ती हवा होते सुमारे ३६.८ घन सेंटिमीटर. स्प्रिंग बदलल्याने त्यात एक थेंबही भर पडत नाही. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक झाली की धक्का, कंप आणि कॉक करायला (नळी ओढून स्प्रिंग दाबायला) लागणारा जोर वाढतो. ऊर्जा नाममात्र वाढते, कधी उलट घटते. शिवाय कॉइल बाइंडचा, म्हणजे वेढे एकमेकांना भिडण्याचा धोका असतो. तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे पूर्ण दबलेल्या स्प्रिंगची लांबी. ३.३ मिलिमीटरचे ३४ वेढे म्हणजे ११२.२ मिलिमीटर. कॉक केल्यावर आत त्याहून काही मिलिमीटर जास्त जागा उरलीच पाहिजे, आणि प्रत्येक स्पेसर त्यातली जागा खातो. नळी खाली ओढताना शेवटी एकदम दगडासारखी अडत असेल आणि चाप अडकायला हिसका द्यावा लागत असेल, तर वेढे एकमेकांना भिडले आहेत असं समजा. तशीच ओढत राहिलात तर कॉकिंगचा दांडा वाकतो आणि चापाच्या खाचा झिजतात. झिजलेली खाच छर्रा भरताना सुटली तर बोटं जातात. म्हणून कोणतीही जुनी ब्रेक-बॅरल भरताना नळी एका हाताने घट्ट धरूनच ठेवावी.

'ट्यूनच्या आधी आणि नंतर' अशी तुलना दाखवतात, तिच्यातही अशीच लबाडी असते. 'आधी'चा आकडा कुजलेल्या सीलचा आणि ढिल्या पडलेल्या स्प्रिंगचा असतो. नवं सील, योग्य मापाची साधी स्प्रिंग आणि नळीच्या तोंडाचं नवं वॉशर घातलं की वेग आपोआप मूळ जागेवर येतो. ती दुरुस्ती झाली. तिला शक्तिवाढ म्हणून वेगळे पैसे मागणं ही लूटच आहे.

मॉडेलनुसार सापळे बदलतात. फाइनवेर्कबाउ १२४ ही जर्मन रायफल 'एकदाही न उघडलेली' म्हणून मोठ्या भावाने विकतात. पण तिचं मूळ पिस्टन सील वयानुसार तपकिरी चुऱ्यासारखं भुगा होतं, त्यामुळे न उघडलेली म्हणजे सील बदलायचं बाकी, असा हिशोब धरा. बीएसए एअरस्पोर्टर आणि वेब्ली मार्क ३ या ब्रिटिश रायफलींत छर्रा फिरत्या टॅपमध्ये, म्हणजे भोक असलेल्या फिरणाऱ्या खुंटीत घालतात. टॅप झिजला असेल तर कितीही भारी स्प्रिंग घाला, हवा बाजूनेच निघून जाते. टिश्यू पेपरची पातळ पट्टी टॅपजवळ धरून चाप ओढा (आत छर्रा हवाच, रिकामी उडवू नका); पट्टी जोरात फडफडली तर गळती आहे. ब्रेक-बॅरलमध्ये हीच परीक्षा नळी आणि सिलिंडरच्या सांध्यावर करायची.

नळी उघडी असताना चाप ओढला गेला की नळी वर वाकते. विक्रेता ती हाताने सरळ करतो किंवा तशीच विकतो. अशा नळीने छरे वर जातात, म्हणून नेम धरायची मागची साइट सगळ्यात खालच्या टोकाला आणलेली दिसली तर संशय घ्या. नव्या ब्ल्यूइंगखालचे (पोलादावरच्या निळ्या-काळ्या मुलाम्याखालचे) अनुक्रमांक आणि शिक्के बोटाने चाचपा. कडा गोल झाल्या असतील तर पत्रा घासला आहे आणि गंजाचे खड्डे त्याखाली बुजवले आहेत.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून सलग वीस छऱ्यांचे न कापलेले आकडे मागा. छऱ्याचा डबा आणि वजन दिसलं पाहिजे, मध्ये तेल घालायचं नाही. बदललेले जुने भाग सोबत मागा. स्प्रिंगच्या तारेची जाडी आणि वेढे विचारा. ज्याने खरंच काम केलं आहे तो लगेच सांगतो.

कायद्याचाही प्रश्न आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एअर रायफलची विनापरवाना मर्यादा १२ फूट-पाउंड आहे, ८.४४ ग्रेनच्या छऱ्याला ती बरोबर ८०० च्या वेगाला गाठते. जर्मनीत पंचकोनात 'एफ' शिक्का असलेली बंदूक ७.५ ज्यूलच्या आतली असते, म्हणजे त्याच छऱ्याला साधारण ५४०. विक्रेत्याचा ९०० चा दावा नेहमीच्या छऱ्यावर खरा निघाला तर तिथे बेकायदा हत्यार तुमच्या ताब्यात असतं.

बंदूक हाती आली की उघडण्याआधीच, त्याच दिवशी, दोन वेगवेगळ्या वजनांच्या छऱ्यांनी मोजून व्हिडिओ करा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. आधी उघडली तर 'तुम्हीच बिघडवली' हे उत्तर ठरलेलं असतं. परतावा मिळणार नसेल तर पुढचं काम स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) असलेल्या कारागिराकडेच द्या. स्पेसर घालून आणखी दाबलेली स्प्रिंग हाताने सोडताना मागचा ब्लॉक तोंडावर येतो.