वैयक्तिक संकेतस्थळ: तयार सेवा, वर्डप्रेस की स्थिर पाने?

स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ उभारायचे ठरले की पहिला प्रश्न पडतो तो साधनाचा. विक्स किंवा स्क्वेअरस्पेससारखी तयार सेवा घ्यावी, स्वतः होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरील जागा) घेऊन त्यावर वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवणारे सॉफ्टवेअर बसवावे, की ह्यूगो किंवा जेकिल अशा प्रोग्रॅमने स्थिर पाने, म्हणजे आधीच तयार केलेल्या फाइली, बनवून त्या गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ठेवावीत? त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो: यांपैकी कशामुळे शोधयंत्रात आपण वर दिसू? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिलेले बरे. तिन्ही मार्गांनी केलेले पान शोधयंत्राला वाचता येते, आणि केवळ साधन पाहून कोणालाही वरचे स्थान मिळत नाही. खरा फरक पडतो तो काही वर्षांनी, साधन बदलण्याची वेळ आल्यावर, जुन्या पानांचे पत्ते टिकतात की नाही यात. म्हणून पुढील तुलना मी मुख्यतः त्याच अंगाने केली आहे.

पत्त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण जुने आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक या पानांचा क्रम लावण्याच्या पद्धतीच्या मुळाशी अशी कल्पना होती की इतर पानांवरून येणारे दुवे ही त्या पानाच्या महत्त्वाची खूण मानावी. आज क्रम लावताना आणखी कितीतरी गोष्टी पाहिल्या जातात, तरी दुव्यांचे मोल संपलेले नाही. आणि प्रत्येक दुवा एका विशिष्ट पत्त्याला बांधलेला असतो. तो पत्ता एखाद्या सेवेच्या मालकीचा असेल, तर त्यावर साठत गेलेली पुण्याईही तिच्याच घरात राहते. माझे पहिले संकेतस्थळ एका सेवेच्या मोफत पत्त्यावर होते. तेथून निघताना जुन्या पानांवर येणाऱ्या वाचकाला नव्या जागी पाठवण्याची काहीच सोय नव्हती, आणि इतरांनी आपुलकीने दिलेले दुवे एका दिवसात निकामी झाले. त्यामुळे साधन कोणतेही निवडा, डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे स्वतःचे पत्त्याचे नाव, आधी घ्या. ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलने नोंदवा. संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या खात्यात ते मुळीच राहू देऊ नका.

तयार सेवेचा लाभ उघड आहे. सुरक्षा, अपडेट, बॅकअप, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) यांची चिंता उरत नाही आणि एका संध्याकाळी पाने उभी राहतात. पूर्वी अशा सेवांवर शोधयंत्राच्या दृष्टीने ज्या उणिवा असत त्या आता बऱ्याच भरून निघाल्या आहेत. शीर्षक, वर्णन, साइटमॅप (शोधयंत्रासाठी सर्व पानांच्या पत्त्यांची यादी), एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचे वळण, हे सारे करता येते. अडचण आहे ती बाहेर पडण्याची. विक्सवरचे संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेसमधून मजकुराचा काही भाग वर्डप्रेसला समजेल अशा फाइलमध्ये निघतो, मांडणी निघत नाही. शिवाय अशा सेवांच्या मोफत योजनेत सहसा स्वतःचे डोमेन जोडता येत नाही. ती योजना सरावापुरती ठीक आहे, पण तिचा पत्ता कोणाला देऊ नये.

वर्डप्रेसचे पारडे मला नियमित लिहिणाऱ्यांसाठी जड वाटते. २००३ पासून चालत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मजकूर आपल्याच डेटाबेसमध्ये राहतो, आणि होस्टिंग बदलले तरी पत्ते, नोंदी, चित्रे सगळे सोबत नेता येते. ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, साइटमॅप आपोआप तयार होतो. प्रकाशित लेखाचा पत्ता नंतर बदलला तर जुन्यावरून नव्याकडे वळणही ते स्वतःच लावते. मोबदल्यात राखण करावी लागते. थीम (रूपाचे साचे) आणि प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) वेळच्या वेळी अपडेट न केल्यास घुसखोरीला वाट मिळते. आपल्या नकळत पानांत परक्या जाहिरातींचे दुवे पेरले गेले, तर शोधयंत्रातील स्थान सावरायला फार वेळ जातो. एसईओच्या, म्हणजे शोधयंत्रात वर येण्याच्या खटपटीच्या, नावाखाली चार-चार प्लगइन चढवण्याचीही गरज नाही, एक पुरतो. मात्र सेटिंग्जमध्ये वाचनाच्या विभागात, शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ नोंदवू नये, अशा अर्थाची एक चौकट आहे. काम चालू असताना तीवर केलेली खूण प्रकाशनानंतर काढायची राहिली, तर बाकी सगळे अचूक असूनही संकेतस्थळ कोठेच दिसत नाही. ‘महिनाभर झाला, गूगलला सापडत नाही’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी ती चौकट पाहतो.

स्थिर पानांच्या मार्गात डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅमही नाही. तयार एचटीएमएल फाइल वाचकाच्या हाती जाते. साहजिकच पान झटकन उघडते आणि बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची अपेक्षा येथे विशेष प्रयत्नांविना पुरी होते. गिटहब पेजेसला स्वतःचे डोमेन जोडता येते. पण साध्या मजकूर-फाइलींत लिहिण्याची आणि गिट हे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन वापरण्याची सवय हवी. दुसरे असे की गिटहब पेजेसवर प्रत्येक जुन्या पानासाठी सर्व्हरकडून ३०१, म्हणजे कायमचे, वळण लावता येत नाही. जुन्या पत्त्यावर लगेच पुढे नेणारे पान ठेवून काम भागवावे लागते. नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या तशाच सेवांवर हीच वळणे एका साध्या फाइलमध्ये लिहिता येतात, म्हणून जुने संकेतस्थळ हलवून आणणाऱ्याने त्यांचा विचार आधी करावा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी पत्त्यांचा आणखी एक पैलू आहे. ‘मराठी’ हा शब्द पत्त्यात गेला की त्यातील अक्षरे आणि मात्रा मिळून पाच चिन्हे होतात, प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात, आणि संकेतरूपात लिहिताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होऊन एकूण ४५ अक्षरे बनतात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी २०० अक्षरांची मर्यादा पाळते. म्हणजे देवनागरी शीर्षकाची जेमतेम २२ चिन्हे त्यात बसतात आणि पुढचा भाग कापला जातो. शोधयंत्राला देवनागरी पत्ते चालतात. तरीही लेख प्रकाशित करण्यापूर्वी पत्ता हाताने दोन-तीन शब्दांचा करावा, मग लिपी कोणतीही असो. तयार सेवेत हे बदलू देणारा पर्याय आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासावे.

उरलेल्या बाबतींत तिन्ही मार्ग सारखेच आहेत, आणि दृश्यमानतेचे बरेचसे काम तेथेच होते. आपल्याला शोधणारा बहुधा आपले नाव टाकतो, म्हणून पहिल्या पानाच्या शीर्षकात ‘मुख्यपृष्ठ’ असे न लिहिता नाव आणि काम लिहावे; नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत पानावर असावे, कारण शोधणारा कोणत्या लिपीत टाइप करील हे आपल्या हाती नाही. छायाचित्रकाराच्या पानावर तीस उत्तम छायाचित्रे आणि एकही ओळ मजकूर नसेल, तर शोधयंत्राला ते पान जवळजवळ मुकेच राहते. प्रत्येक चित्राखाली स्थळ, विषय आणि वर्ष सांगणारी एक ओळ पुरे. कीवर्डच्या मेटा टॅगवर, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दडलेल्या शब्दयादीवर, मात्र वेळ घालवू नये, क्रम लावताना तो विचारात घेतला जात नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. प्रकाशनाच्या दिवशीच गूगलच्या सर्च कन्सोल या सेवेत नोंदणी करून साइटमॅप द्यावा. तेथे पाने नोंदली गेली की नाही आणि लोक कोणत्या शब्दांनी आपल्यापर्यंत पोहोचले, दोन्ही कळते.

तेव्हा महिन्याला निदान एखादा लेख लिहिणार असाल आणि अपडेटची जबाबदारी घ्यायची तयारी असेल, तर वर्डप्रेस घ्यावे. परिचय, कामाचे नमुने आणि संपर्क एवढीच पाने हवी असतील व फाइलींशी मैत्री असेल, तर स्थिर पानांइतके निर्धास्त दुसरे काही नाही. ती मैत्री नसेल, तर स्वतःचे डोमेन जोडून तयार सेवा घेण्यात कमीपणा कसला? फक्त मजकुराची आणि मूळ चित्रांची एक प्रत पहिल्या दिवसापासून स्वतःच्या संगणकावर ठेवावी, आणि प्रत्येक पानाचा पत्ता एका यादीत लिहीत जावे. पुढे मागे संकेतस्थळ हलवायचे झाल्यास त्या यादीवरूनच एकेक वळण लावता येते. अशी वळणे किमान एक वर्ष ठेवावीत असे गूगल सांगते. डोमेन आपल्याकडे आहे तोवर ती काढू नयेत, असे मी सुचवीन.