ट्यूबलेस पंक्चर किट: टी हँडलचंच घ्या

ऑक्टोबर 2020पासून ट्यूबलेस टायर, रिपेअर किट आणि टायर प्रेशर मॉनिटर असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या डिकीत स्टेपनी नसेल, तर हे किट नीट पारखूनच घ्या.

बाजारात दोन प्रकार मिळतात. स्क्रूड्रायव्हरसारख्या प्लॅस्टिक मुठीचं स्वस्त किट स्कूटरला चालून जातं. कारच्या रेडियल टायरमध्ये मात्र पोलादी तारांचे थर असतात. त्यांतून रिमर (भोक साफ करायची खरबरीत दांडी) घालताना सगळं वजन मुठीवर येतं आणि दांडा मुठीतच फिरायला लागतो. म्हणून धातूचं टी हँडल (इंग्रजी T आकाराची आडवी मूठ) असलेलंच घ्यावं. मूठ दोन्ही हातांत धरता येते, जोर सरळ लागतो. रबरी पट्टी भोकात घालायच्या सुईच्या नेढ्याची फट पाहा. कडा धारदार असतील तर पट्टी ओढतानाच कापली जाते.

खिळा उपटण्याआधी पट्टी सुईत ओवून तयार ठेवा, नाहीतर हवा उगाच जाते. खिळा कोणत्या कोनात घुसलाय ते बघा आणि रिमर त्याच कोनात घाला. पाच-सहा वेळा आत-बाहेर केल्यावर भोक साफ होतं. इथे बरेच जण घाई करतात आणि मग पट्टी आतच जात नाही. पट्टीला सोल्यूशन लावून ती दाबा, साधारण एक सेंटिमीटर टोकं बाहेर राहू द्या. सुई न पिळता झटक्यात सरळ बाहेर ओढा. उरलेली टोकं 3-4 मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा.

भोक ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या) मधल्या भागात आणि 6 मिलिमीटरपर्यंत असेल तरच हा उपाय. साइडवॉलला (टायरच्या बाजूला) किंवा खांद्याजवळ (ट्रेडच्या कडेला) पट्टी मारून हायवेला लागणं जिवावरचं आहे. तिथे टायरच बदलावा लागतो.

सोबत 12 व्होल्टचा इन्फ्लेटर हवाच. तो इंजिन चालू ठेवून वापरा आणि सलग दहा मिनिटांहून जास्त चालवू नका, मोटर तापते. स्वस्त इन्फ्लेटरचा काटा दोन-तीन पीएसआय चुकीचा दाखवू शकतो, म्हणून पेट्रोल पंपावर एकदा पडताळून घ्या.

सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत आत सुकते. नवी ट्यूब आणि सुट्या पट्ट्या कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतात.