मोथा गावाजवळचा घरगुती मुक्काम : दोघांच्या सुट्टीसाठी

चिखलदऱ्याला जोडप्याने जायचे म्हटले की बाजारपेठेतील लॉज, पॉइंटांची यादी आणि परतताना घेतलेला खवा एवढाच कार्यक्रम बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो. या ठरलेल्या वाटेपासून थोडे बाजूला, परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे घाट चढून वर आल्यावर लागणाऱ्या मोथा गावाच्या शिवारात, एका गवळी कुटुंबाने आपल्या राहत्या घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. या ठिकाणाला नाव असे काही दिलेले नाही. रस्त्याच्या कडेला ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ एवढाच मजकूर असलेली रंगवलेली पाटी आहे, आणि तिच्या बाजूने शेतात वळणारी कच्ची वाट थेट अंगणात जाते. आमच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त, डिसेंबरमध्ये नाताळची गर्दी सुरू होण्याच्या आधी, आम्ही दोघे अंजनगाव सुर्जीहून तेथे मुक्कामाला गेलो होतो.

हे ठिकाण मला मनापासून आवडले. ते का आवडले हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण वऱ्हाडातील लहान गावांत राहणाऱ्या तरुण नवराबायकोला निवांतपणे एकत्र बसता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. घर एकत्र असते, माणसे प्रेमाची असतात, तरी दिवसभराचा राबता असा असतो की दोघांना सलग अर्धा तास बोलायला मिळणे कठीण होते. आणि संध्याकाळी दोघेच पायी फिरायला निघाले तर वाटेत चार जण ‘कुठं चालले जी?’ असे विचारल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून अशा ठिकाणाची पारख करताना टीव्ही केवढा मोठा आहे यापेक्षा, दोघांना त्यांचा वेळ कोणीही न अडवता मिळतो की नाही, हेच मी आधी पाहते.

पोहोचल्यावर नोंदवही पुढे येण्याआधी चहा आला. आम्ही पिशवीतून ओळखपत्रे काढू लागलो, तेव्हा घरातील काकाजी म्हणाले, “आधी चहा घ्या, मंग लिवा नाव-गाव.” दोघांच्या आधार कार्डांची नोंद त्यांनी केली, कारण पाहुण्यांच्या ओळखपत्राची नोंद करावीच लागते, परंतु त्यापलीकडे एकही प्रश्न विचारला नाही. याआधी एका थंड हवेच्या ठिकाणच्या लॉजवर आमच्याकडे लग्नाचा दाखला मागितला गेला होता, आणि तो मोबाइलवर दाखवल्यानंतरही व्यवस्थापकाने काउंटरवरील इतर लोकांसमोर माझ्या माहेरचे आडनाव दोनदा विचारून घेतले होते. नव्याने लग्न झालेल्या मुलीला त्या वेळी किती अवघडल्यासारखे होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या घरातील साध्या स्वागताची किंमत कळेल.

खोल्या दगडी जोत्यावर असून वर कौले आहेत. बांधणाऱ्याने एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे : दोन्ही खोल्यांची दारे घराच्या अंगणाकडे न उघडता शेताच्या बाजूला उघडतात, आणि प्रत्येक दारापुढे स्वतंत्र, शेणाने सारवलेली छोटी ओसरी आहे. तिथे एक माचा टाकलेला असतो. त्यामुळे बाहेर बसूनही आपण कोणाच्या नजरेत येत नाही, आणि घरातील माणसांनाही आपल्यामुळे त्यांचा वावर आवरता घ्यावा लागत नाही. समोर उतारावर स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत. मोथा परिसरात अलीकडे या पिकाची लागवड होते; आम्ही गेलो तेव्हा फळे नुकती लागली होती आणि पिकलेली थोडी काकूंनी सकाळी वाटीत आणून दिली. ती आकाराने लहान आणि चवीला चांगलीच आंबट होती. दुपारच्या उन्हात पाठ शेकत, पाय पोटाशी घेऊन त्या माचावर आम्ही कितीतरी वेळ बसलो होतो आणि त्या सगळ्या वेळात एकदाही कोणी काही विकायला, विचारायला किंवा दाखवायला आले नाही.

या मुक्कामाचा खरा गाभा मात्र रोडग्यांचे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण आहे. वऱ्हाडी माणसाला रोडगे नवीन नाहीत. मारोतीच्या नवसाचे आणि शेतातल्या पंगतीचे रोडगे आपण लहानपणापासून खात आलो आहोत. परंतु ते नेहमी पन्नास-शंभर माणसांचे असतात. दोन माणसांसाठी कोणी गोवऱ्यांचा जगरा पेटवील, हे मला खरे वाटले नव्हते. येथे एक दिवस आधी सांगितले तर तो पेटवतात, आणि पाहुण्यांची इच्छा असेल तर त्यांना कामालाही बसवून घेतात. जाडसर दळलेल्या कणकेत तेलाचे मोहन, मीठ, ओवा आणि किंचित हळद घालून ती घट्ट मळायची. मग लहान-मोठ्या पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, एकीवर एक ठेवायच्या आणि सर्वांत मोठ्या पुरीच्या कडा वर गोळा करून तोंड असे घट्ट बंद करायचे की निखाऱ्यात ते उघडता कामा नये. माझ्या पतींनी केलेले पहिले दोन रोडगे काकूंनी मोडून पुन्हा करायला लावले आणि तिसरा पाहून “आता जमलं जी” म्हणून परातीत ठेवला. आमच्या घरी वडीलधाऱ्यांसमोर मुलाने कणकेत हात घातला तर त्यावर आठवडाभर बोलले जाईल. येथे ते माझ्या शेजारी पाटावर बसून, पिठाने भरलेल्या हातांनी, तासभर मन लावून काम करत होते. वाढदिवस साजरा करण्याची याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही.

गोवऱ्या पूर्ण जळून लालबुंद निखारे झाले की त्यात रोडगे ठेवतात, वेळोवेळी फिरवतात आणि बाहेरून रंग आला की गरम राखेखाली दाबून ठेवतात, म्हणजे आतील पापुद्रे सावकाश शिजतात. ही दुसरी पायरी घाईने उरकली तर रोडगा आत कच्चा राहतो. येथे ती घाई होत नाही. राख फडक्याने झटकून रोडगा समोर आला तेव्हा मी सवयीने चमचा उचलला. काकू लगेच म्हणाल्या, “हातानं फोडा, अन् तुपाले कंजुषी करू नोका.” मुठीने फोडल्यावर त्याचे पदर सुटे झाले, वाफ निघाली आणि त्यावर घरच्या म्हशीच्या दुधाचे कढवलेले तूप ओतताच ते प्रत्येक पदरात उतरले. सोबत वांगे-आलूची तर्रीदार भाजी, तुरीचे घट्ट वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा होता. भाजीत तिखट बेताचे होते आणि वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला होता. वरणात गूळ जरा जास्त झाला होता, असे माझे मत आहे. पतींना मात्र तेच आवडले.

जेवणानंतर केकऐवजी पानाच्या द्रोणात रबडी आली. गवळी समाजाची येथील वस्ती जुनी आहे आणि शेजारच्या गाविलगड किल्ल्याचे नावही गवळ्यांवरूनच पडल्याचे सांगितले जाते, तेव्हा दुधाच्या पदार्थांत या घराचा हात बसलेला असणे साहजिकच आहे. दुपारपासून लोखंडी कढईत दूध मंद आचेवर आटत होते. काकूंची सून वर येणारी साय पळीने ओढून कढईच्या कडेला लावत होती आणि शेवटी ती सारी खरवडून उरलेल्या घट्ट दुधात मिसळली गेली. साखर अगदी कमी होती, त्यामुळे दुधाचाच गोडवा जाणवत होता आणि सायीचे पापुद्रे दाताखाली येत होते. बाजारात रबडी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा पदार्थांत पीठ घातलेले सहज ओळखू येते. ज्यांना त्याची सवय झाली आहे त्यांनी येथील रबडी एकदा अवश्य खावी.

या घराने अलीकडे एक ‘सजावटीचे पॅकेज’ही सुरू केले आहे. आठशे रुपयांत खोलीत फुगे, चमकत्या कागदाच्या झालरी आणि परतवाड्याहून आणलेला केक मिळतो. आम्ही ते घेतले नाही, परंतु शेजारच्या खोलीतील जोडप्याने घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुटलेले फुगे व झालरींचे तुकडे वाऱ्याने गोठ्याकडे उडत होते. जनावरांच्या पोटात असा कचरा गेला तर काय होते, हे गवळ्याच्या घराला मी सांगण्याची गरज नाही. ग्राहक मागतात म्हणून ते देतात, हे मला कळते. तरीही ज्या घरात अशी रबडी होते, त्या घराने आपल्या पाहुण्यांना फुगे विकू नयेत, असे मी काकाजींना स्पष्टपणे सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

दुसरा दिवस आम्ही गाविलगडाला दिला. हा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. सकाळी लवकर गेल्यास तो जवळजवळ आपल्या दोघांचाच असतो. दरवाज्यांची भव्यता, त्यांवरील गंडभेरुंडाचे, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचे, शिल्प, आतील तलाव, गवतात पडलेल्या तोफा आणि मोठ्या मशिदीची कमान पाहत फिरण्यास अर्धा दिवस सहज लागतो. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने 15 डिसेंबर 1803 रोजी हा किल्ला घेतला आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला दौलतराव शिंदे यांच्याशी झालेला तह आमच्याच गावाच्या, म्हणजे सुर्जी-अंजनगावच्या, नावाने इतिहासात नोंदला गेला. शाळेत सनावळी म्हणून पाठ केलेली ही गोष्ट त्याच डिसेंबरच्या थंडीत, पडक्या तटावर बसून, घरून बांधून दिलेली भाकर आणि जवसाची चटणी खाताना फार जवळची वाटली. भाकरीची ही शिदोरी खोलीभाड्यातच येते. भीमकुंड, देवी पॉइंट आणि कॉफीची झाडे पाहण्यास उरलेला वेळ पुरतो. सूर्यास्ताच्या वेळी पॉइंटांवर इतकी गर्दी आणि वाहनांचे हॉर्न असतात की ती वेळ मी तरी ओसरीवरच घालवीन.

उणिवा आहेत, आणि त्या जाणाऱ्यांना आधी माहीत असाव्यात. स्नानगृह खोलीला जोडलेले नसून सहा-सात पावलांवर आहे. डिसेंबरच्या रात्री समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर ती सहा-सात पावलेही जड जातात. गरम पाणी बंबाचे असते आणि ते सकाळी दोन बादल्यांपुरतेच मिळते. गाद्या कडक आहेत. पांघरायला दिलेल्या गोधड्या स्वच्छ व ऊबदार होत्या, परंतु एकीला धुराचा वास होता, कारण स्वयंपाकघराची धुराडी वारा फिरला की खोलीच्या दिशेने धूर सोडते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी पलीकडची खोली मागून घ्यावी. दुसऱ्या रात्रीचे जेवण पहिल्या रात्रीच्या मानाने साधे होते : पातळ पिठले, भात आणि थंड झालेल्या पोळ्या. ते चुलीवरचे असले तरी मन लावून केलेले वाटले नाही. दोन्ही खोल्या भरल्या की घरातल्या बायांवर कामाचा भार पडतो, हे दिसत होते. मदतीला आणखी एखादी बाई ठेवली तर हा फरक राहणार नाही.

खोलीचे भाडे दोघांचे मिळून दिवसाला अठराशे रुपये असून त्यात सकाळचा चहा, पोह्यांचा नाश्ता आणि शिदोरी येते. रात्रीचे साधे जेवण ताटाला दीडशे, तर रोडग्यांचे अडीचशे रुपये आहे. रबडीचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत, आम्ही ते देऊ केले तेव्हा “लेकीच्या लग्नाच्या वाढदिवसाचे पैसे घेतेत का कुठी?” असे काकू म्हणाल्या. त्यामुळे निघताना आम्ही दोन किलो खवा विकत घेतला, जो अंजनगावला पोहोचेपर्यंत उत्तम राहिला. ज्यांना खोलीतच जेवण मागवायचे असते, रात्री उशिरापर्यंत गाणी लावायची असतात किंवा मोबाइलला सतत रेंज हवी असते, त्यांनी चिखलदऱ्याच्या मुख्य वस्तीत राहावे; तेथे त्यांची सोय अधिक चांगली होईल.

येथे जायचे असल्यास रोडग्यांसाठी किमान एक दिवस आधी कळवावे, रोख पैसे जवळ ठेवावेत, आणि दुचाकीने जाणार असाल तर घाट दिवसाउजेडी चढावा, कारण हिवाळ्यात संध्याकाळनंतर वळणांवर धुके उतरते आणि रस्त्यावर रानगवे येतात. एसटीने येणाऱ्यांनी परतवाड्याहून निघताना वाहकाला ही गाडी मोथ्यावरून जाते की घटांगमार्गे, हे विचारूनच चढावे. घटांगच्या रस्त्याने जाणारी गाडी या पाटीपाशी येत नाही.