मिक्सिंगचे पैसे घेतले, ट्रॅक उघडलेच नाहीत

‘एका गाण्याचं मिक्सिंग-मास्टरिंग फक्त २,५०० रुपयांत’ अशा जाहिराती घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या इन्स्टाग्रामवर सारख्या येतात. (मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं नीट जुळवणं, मास्टरिंग म्हणजे त्यावरचा शेवटचा हात.) सगळेच लबाड नसतील, पण मला भेटलेल्याची तऱ्हा ऐकून ठेवा.

अभंग होता. आवाज, हार्मोनियम, पखवाज, टाळ, कोरस असे सगळे ट्रॅक सुटे, २४ बिट वेव्हमध्ये (न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या फाइली) पाठवले. सोबत अंदाज यावा म्हणून माझा कच्चा मिक्स, १२८ केबीपीएसची एमपी३ (दाबून लहान केलेली, कमी बिटरेटची फाइल). पैसे आगाऊ, यूपीआयने. दुसऱ्याच दिवशी ‘फायनल मास्टर’ हजर, आणि काय दणदणीत! घरचे खूश. आवाज नुसता मोठा केला तरी पहिल्यांदा ऐकताना सगळं छानच वाटतं, या मंडळींचा धंदा त्यावरच चालतो.

मग तिसऱ्या चरणात कुकरची शिट्टी वाजली.

ती शिट्टी फक्त कच्च्या मिक्समध्ये होती. त्या ओळी नंतर पुन्हा गाऊन घेतल्या होत्या, पाठवलेल्या ट्रॅकमध्ये शिट्टी असायचं कारणच नाही. म्हणजे गड्याने माझीच एमपी३ लिमिटरमधून (आवाज चढवून त्याची टोकं दाबणारं साधन) काढली आणि वेव्ह करून परत धाडली. खात्रीसाठी फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये टाकली (फुकट मिळतं) आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचं चित्र, पाहिला. १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं रिकामं, सुरीने कापल्यासारखं. इतके टाळ खणखणताहेत आणि वर काहीच नाही? कमी बिटरेटच्या एमपी३ची हीच खूण. तो दणदणीतपणाही स्पॉटिफायवर टिकत नाही. तिथे गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून वाजवतात. मागे उरतो तो दबलेला पखवाज.

त्याला म्हटलं, मायनस ट्रॅक (गाणाऱ्याचा आवाज वगळून नुसती साथ) पाठव. सेशन, म्हणजे सुटे ट्रॅक मांडून केलेलं काम, खरंच असेल तर आवाज म्यूट करून बाउन्स करायचं (बाकीच्याची एक फाइल काढायची), काही मिनिटांचं काम. उत्तर आलं, ‘उसका अलग चार्ज लगेगा.’ शिट्टीचं विचारलं तर म्हणे, ‘रॉ में थी भाई.’ कुठल्या ट्रॅकमध्ये, एवढं विचारल्यावर ब्लॉक.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, तेच विचारतात. काम देताना निम्मेच पैसे आधी द्या आणि मायनस ट्रॅक सौद्यातच धरा. कच्चा मिक्स पाठवायचाच असेल, तर त्यात मध्येच कुठेतरी एक चुटकी वाजवून ठेवा, सुट्या ट्रॅकमध्ये नसलेली.