फोंड्याच्या आसपास पळण्याच्या वाटा: कुठली कधी, कुठली टाळावी

गोव्यात पळायचं म्हटलं की बहुतेकांची मजल मिरामारच्या वाळूपर्यंत नाहीतर पणजीच्या बांदोडकर मार्गापर्यंत. वाळू दिसायला सपाट, पण ती पाण्याकडे उतरती असते. एकाच दिशेने तासभर पळालं की एका बाजूचा घोटा आणि गुडघा दुखू लागतो. त्यापेक्षा अंत्रुज महालातले, म्हणजे फोंडा तालुक्यातले, आतले रस्ते कितीतरी सरस. सावली आहे, चढ आहेत, वाहनं कमी. मात्र या वाटांना गुण देताना अंतराआधी महिना बघावा लागतो. जानेवारीत पाचपैकी साडेचार मिळवणारी वाट जुलैत साडेतीनवर येते.

रामनाथी–नागेशी–फर्मागुडी ही या भागातली सगळ्यांत भरवशाची वाट. नकाशा पाहून पळणारा तिचं वर्तुळ करायला जातो: फर्मागुडीहून बांदिवड्यात उतार, मग रामनाथी, कवळे, ढवळीवरून फोंडा शहर आणि परत वर. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात शेवटचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग 748 च्या कडेने चढाचा येतो, तोही बसगाड्या आणि ट्रक सुरू होतात नेमक्या त्याच वेळी. त्यापेक्षा गाडी रामनाथीला लावावी आणि त्याच वाटेने जाऊन परत यावं.

नागेशीपर्यंतचा सुमारे एक किलोमीटर अंग मोकळं करायला पुरतो. तिथून फर्मागुडीपर्यंत साधारण दोन किलोमीटर, बहुतेक चढच. हा चढ हवेत गारवा असतानाच उरकायचा, म्हणूनच सुरुवात खालून. चढावर पावलं आखूड ठेवावीत आणि वेग असा की सोबत्याशी दोन वाक्यं बोलता यावीत. उतरताना खरी परीक्षा. टाच पुढे टाकून प्रत्येक पावलाला ब्रेक लावत आलं की मांडीचे पुढचे स्नायू दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. गुडघा किंचित वाकवावा, अंग थोडं पुढे झुकवावं आणि पावलांची लांबी न वाढवता संख्या वाढवावी. ‘फर्मागुडीच्या चढाने गुडघे गेले’ अशी तक्रार कानावर येते, त्यात चढाचा दोष क्वचितच असतो.

परत रामनाथीला पोचल्यावर दम शिल्लक असेल तर कवळ्यापर्यंत जाऊन यावं. एकूण अंतर दहा किलोमीटरच्या आसपास भरतं. हाफ पँटीवर देवळाच्या आवारात शिरू नये, बऱ्याच देवस्थानांत पोशाखाचे नियम आहेत. तळ्यावर हातपाय धुणं तर नाहीच. माघातल्या जत्रांच्या दिवसांत कवळे आणि मंगेशी या दोन्ही बाजू सोडून द्याव्यात. पहाटेपासून वाहनांची रांग असते. कुत्र्यांची म्हणाल तर वाड्यांच्या तोंडाशी दोन-तीन हमखास भेटतात. पळणं थांबवून चालायला लागलं आणि नजरेला नजर दिली नाही की ती आपणहून मागे फिरतात. वेग वाढवणारा मात्र फसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी साडेचार गुण, पावसाळ्यात साडेतीन. रस्ता डांबरी असल्याने पावसातही वापरता येणारी ही जवळपास एकमेव वाट.

जांभ्याच्या मोकळ्या सड्यांचं, म्हणजे खडकाळ पठारांचं, तसं नाही. कोरड्या दिवसांत जांभ्यावर बारीक लाल खडी सुटी पडलेली असते आणि उतारावर वळताना पाय सरकतो. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळाचा काळपट पापुद्रा चढतो, तिथे भारी बुटांचंही काही चालत नाही. दगडावर चमक दिसली की चालायचं, एवढा एकच नियम. श्रावण-भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं आणि इतर रानफुलं येतात. मातीचा थर बोटभरही नसतो, त्यामुळे पळणाऱ्यांनी गाडीवाट सोडू नये. पावसाआधीच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात, तेव्हा सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. संध्याकाळची धाव या दिवसांत रद्द.

सड्यावर फुरसं असतं. दगडांच्या कपारीत, रंगात पूर्ण मिसळलेलं. बसण्याआधी दगड बघून घ्यावा, बुटाची लेस बांधायला उघड्या जागी थांबावं, झुडपात हात घालू नये. चावलंच तर पट्टी आवळणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. पाय हलू न देता 108 ला फोन आणि थेट रुग्णालय. तीन गुण, तेही फक्त नोव्हेंबर ते मार्च, सकाळचे.

बुटांबद्दल इथेच सांगितलेलं बरं, कारण दुकानात गेलं की विक्रेता सर्वांत खोल दात्यांचा जोड पुढे करतो. फोंड्याच्या वाटा अर्ध्या डांबरी, अर्ध्या जांभ्याच्या. पाच-सहा मिलिमीटरचे दाते डांबरावर लवकर झिजतात आणि कठीण दगडावर पाय डळमळतो. तीन ते चार मिलिमीटर पुरे, रबर मात्र मऊ आणि ओल्यावर पकडणारं हवं. पाणी न शिरणारे बूट इथे उलटे पडतात. आपल्या पावसात पाणी वरून, मोज्यांवाटे आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीदार बूट भिजतात, पण निथळतात. जून ते सप्टेंबर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. आतला तळवा काढून वेगळा सुकवायचा, बुटात वर्तमानपत्र कोंबून दोन तासांनी बदलायचं. कडक उन्हात किंवा गॅसशेजारी ठेवले की तळव्याचा गोंद सुटतो. सुती मोजे ओले झाले की फोड आणतात, त्यामुळे कृत्रिम धाग्याचे घ्यावेत. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन लावल्याशिवाय पावसात पाच किलोमीटरच्या पुढे जाऊ नये.

सावई वेऱ्याकडची वाट सर्वांत देखणी. म्हार्दोळ मागे टाकून केरीच्या बाजूला लागलं की दोन्हीकडे कुळागरं: पोफळी, मिरवेली, केळी, पाटाचं पाणी. एप्रिलमध्येही इथली हवा सड्यापेक्षा बरीच सुसह्य. चढउतार आहेत आणि वळणं आंधळी आहेत, म्हणून समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या बाजूने पळायचं आणि डोंगराला चिकटलेल्या वळणावर तेवढ्यापुरतं बाहेरच्या बाजूला यायचं. रस्त्यावर पडलेली पोफळीची विरी (झावळीचा रुंद देठ) ओली असताना साबणासारखी निसटते. तिच्यावर पाय देऊ नये, बाजूने जावं. कुळागरं खाजगी आहेत. पायवाट कितीही मोहात पाडो, विचारल्याशिवाय आत वळू नये. जळवा पावसाळ्यात असतातच. ओढून काढण्यापेक्षा नखाने कडेने सरकवली की सुटते. चार गुण, आणि मार्च-एप्रिलसाठी आमची पहिली पसंती हीच.

बोंडल्याचं नाव हौशी लोक हमखास घेतात. आठ चौरस किलोमीटरचं, पक्षी अभयारण्य सोडलं तर गोव्यातलं सर्वांत लहान अभयारण्य, गुरुवारी बंद. दार उघडेपर्यंत पळण्याची वेळ टळून गेलेली असते, आणि उसगावकडून वर जाणाऱ्या घाटात पहाटे गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर थांबून मागे सरायचं, मध्ये झाड किंवा गाडी राहील असं बघायचं. पिल्लू सोबत असेल तर त्या दिवशी पळणं संपलं. बोंडला कुटुंबासह बघायला जरूर जावं. पळायला दीड गुण.

वाळपईपलीकडचं सत्तरीचं रान खरं तर बोंडल्याहून कितीतरी मोठं. म्हादई अभयारण्यच 208 चौरस किलोमीटरचं, पण तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका पळण्याच्या चांगल्या दिवसांत. तिथे पळायचंच तर गावातल्या डांबरी रस्त्यावर. पाचोळ्यात बसायचं नाही, मोजे लांब हवेत, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासून आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं. रानातून आल्यावर आठवड्याभरात ताप आला, तर डॉक्टरला सत्तरीत जाऊन आल्याचं आधी सांगायचं. ही वाट गुणांत मोजायची नाही.

ज्यांना चढ नकोच त्यांच्यासाठी दिवाडी बेट. फोंड्याहून जुन्या गोव्यापर्यंत गाडीने यायचं, तिथून फेरीबोट. पायी माणसाला भाडं नाही. बेटावरचे रस्ते बहुतेक सपाट, पिएदादच्या टेकडीवरच्या इगर्जीकडचा (चर्चकडचा) एकच चढ, तोही नको असेल तर टाळता येतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधांवरून पळायला मजा येते, पण भरतीचं वेळापत्रक बघून जावं. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत बांधाची माती मऊ पडते आणि मानसीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळचा) भाग हमखास निसरडा होतो. बांध शेतकऱ्यांच्या डागडुजीवर उभे असतात, त्यामुळे ओल्या बांधावर कळपाने पळू नये. सावली जवळजवळ नाही. नऊनंतर बेटावर राहिलं की उन्हाचा तडाखा बसतो. पाणी पाऊण तासाला अर्धा लिटर या हिशेबाने सोबत घ्यावं आणि तासाभरापेक्षा जास्त पळायचं असेल तर मीठ-साखरेचं. हिवाळ्यात चार गुण, मे महिन्यात दोन. लांब पल्ल्याची तयारी करणाऱ्याने नार्व्याच्या फेरीपर्यंत जावं, पलीकडे उतरून सप्तकोटेश्वराच्या देवळापर्यंत पळावं आणि त्याच बाजूने परतावं. दोन्ही फेरीबोटींची वाट बघण्यात जाणारा वेळ मात्र आधीच धरून ठेवायचा, नाहीतर घड्याळातला सरासरी वेग बघून उगाच वाईट वाटतं.