बी.कॉम. आणि बीबीएतलं आयटी: सोलापुरात शिकताना पदरात काय पडतं

बी.कॉम. किंवा बीबीए करताना संगणकाचे जे पेपर येतात, त्यांचं हे परीक्षण आहे. कुठे त्यांना 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' म्हणतात, कुठे 'कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्स', कुठे 'ई-कॉमर्स'. एखाद्या ठरावीक महाविद्यालयाबद्दल इथे लिहिलेलं नाही. मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या नोकरीत सगळ्यात आधी कामाला येणारा भाग हाच आहे, आणि लॅब धड नसेल तर सगळ्यात जास्त वाया जाणाराही हाच. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत नंतर बघा, आधी लॅबचं वेळापत्रक मागा.

वेळापत्रक का, तर हिशेब सोपा आहे. एक श्रेयांक म्हणजे थिअरीचे 15 तास किंवा प्रॅक्टिकलचे 30 तास. दोन श्रेयांकांचं प्रॅक्टिकल असेल तर सत्रात 60 तास, म्हणजे 15 आठवड्यांत आठवड्याला 4 तास. आता 60 जणांची बॅच आणि चालू स्थितीतले संगणक 30 असतील, तर हातात माऊस येतो तो 30 तासच. 20 संगणक असतील तर 20 तास. त्यातही एका संगणकावर तिघं बसले की जो आधीच हुशार तोच टाइप करतो आणि बाकीचे दोघे वहीत उतरवून घेतात. प्रवेशाच्या वेळी 'संगणक किती' असं विचारू नका. 'एका बॅचला किती मुलं, आणि सुरू असलेले संगणक किती' असं विचारा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यातले प्रॅक्टिकलचे तास महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी ताडून बघा.

एक्सेलबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण गावातल्या सीए कार्यालयात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात, नव्या पेठेतल्या होलसेल दुकानात पहिल्या दिवशी समोर येतं ते एक्सेलच. आणि शिकवलं काय जातं? बेरीज, सरासरी, एक रंगीत आलेख, मार्कशीट. मार्कशीटने काही बिघडत नाही, पण तिच्यात चुका नसतात. खऱ्या माहितीत असतात.

तारखेचंच घ्या. संगणकात विंडोजची प्रादेशिक मांडणी अमेरिकन राहिली असेल, तर 05/04/2025 हे बिल एक्सेल 4 मे म्हणून वाचतं. 25/04/2025 ला मात्र पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतं, चौकटीत डावीकडे चिकटलेलं. परिणाम असा की एप्रिलच्या 1 ते 12 तारखांची बिलं जानेवारी ते डिसेंबर अशी विखुरतात, उरलेली कुठल्याच महिन्यात मोजली जात नाहीत, आणि एकूण बेरीज मात्र बरोबर येते. त्यामुळे चूक कळतच नाही. उपाय म्हणजे आधी मांडणी 'इंग्लिश (इंडिया)' करायची आणि मूळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेल्या माहितीची) फाइल पुन्हा आयात करताना तारखेच्या स्तंभाला डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) हा क्रम द्यायचा. चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा हाताने दुरुस्त करत बसू नये, एक तरी राहतेच. असाच दुसरा सापळा खातेक्रमांकाचा. एक्सेल आकड्याची 15 स्थानंच धरून ठेवतं, त्यामुळे 16 आकडी क्रमांक टाकला की शेवटचा आकडा शून्य होतो. स्तंभ आधी 'टेक्स्ट' करून मगच क्रमांक भरायचा.

सगळ्यात उपयोगी सराव म्हणजे खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-2बी (विक्रेत्यांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांचं विवरण) यांचा मेळ. 2बी महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं आणि 3बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) साधारण 20 तारखेपर्यंत भरायचं असतं, म्हणजे कार्यालयात या कामाला जेमतेम आठवडा मिळतो. व्हीलूकअप (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद आणणारं सूत्र) सगळ्यांना पाठ असतं, पण मेळ बसत नाही. कारणं ठरलेली. आपल्या रजिस्टरात बिल क्रमांक 45, पोर्टलवर 0045. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला आकड्यासारखा दिसणारा मजकूर. त्याची खूण म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण. शेवटी राहिलेली रिकामी जागा, ती काढायला ट्रिम हे सूत्र लावायचं. आणि दोन वेगळ्या व्यापाऱ्यांचा बिल क्रमांक योगायोगाने सारखाच. म्हणून नुसत्या बिल क्रमांकावर कधी शोधू नये. जीएसटीआयएन (व्यापाऱ्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि बिल क्रमांक जोडून एक किल्ली तयार करावी, आणि व्हीलूकअपच्या शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नये, नाहीतर जवळपासची भलतीच रक्कम हाती येते. जिथे हा एक सराव दोन प्रॅक्टिकलमध्ये नीट करून घेतात, तिथला पेपर चांगला समजावा.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं शिक्षण गावात भरपूर मिळतं, प्रश्न ते कोणत्या टॅलीवर मिळतं हा. टॅलीप्राइम 2020 च्या अखेरीस आलं. अजून त्याआधीच्या ईआरपी 9 वरच शिकवत असतील तर मेन्यू नव्याने शिकावे लागतील. त्याहून मोठी अडचण परवान्याची. विनापरवाना टॅली शैक्षणिक मोडमध्ये चालतं आणि त्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 या तारखांच्याच नोंदी करता येतात. व्हाउचर (व्यवहाराची नोंद) शिकायला तेवढं पुरतं, पण 'या पार्टीचं बिल 45 दिवसांवर गेलं का' हे शिकायला पुरत नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत सगळ्या नोंदी 1 आणि 2 तारखेच्या दिसल्या की लॅब परवान्याशिवाय चालते हे ओळखावं.

सोलापूरचा माल घेऊनच टॅली शिकवलं तर फार बरं. टेरी टॉवेल डझनावर बांधतात आणि किलोवरही विकतात. म्हणून स्टॉक आयटम बनवताना एफ12 (सेटिंगची कळ) मधून पर्यायी एकक सुरू करून डझन आणि किलो दोन्ही ठेवावे लागतात. हे पहिल्या नोंदीच्या आधी ठरवायचं, कारण आयटमवर व्यवहार झाल्यावर एकक बदलू देत नाही. दुसरी नेहमीची चूक राज्याची. आपण सीमेवर आहोत. इथला व्यापारी एका दिवसात पंढरपूर, विजयपूर आणि हैदराबाद अशा तीन राज्यांतल्या पार्ट्यांना माल पाठवतो. लेजर (पार्टीचं खातं) उघडताना राज्याच्या रकान्यात आपोआप आलेलं 'महाराष्ट्र' तसंच राहिलं, तर हैदराबादच्या बिलाला आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) लागतो. जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे बघायची सवय लावून घ्यावी: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, तेलंगणा 36.

डेटाबेसचा पेपर मुलांना कोरडा वाटतो, कारण उदाहरण नेहमी 'स्टुडंट' आणि 'टीचर' या टेबलांचं. मार्केट यार्डातली कांद्याची हिशेबपट्टी घेतली तर सगळा विषय एका कागदावर येतो. एका शेतकऱ्याच्या एका आवकेतला माल प्रतवारीनुसार तीन ढिगांत लागला, प्रत्येक ढिगाचा भाव वेगळा. पट्टीखाली कपाती दोन: समजा हमाली 180 रुपये, तोलाई 60. म्हणजे शेतकरी, आवक, ढीग आणि कपात अशी चार टेबलं, आणि आवक क्रमांक हा दुवा. आता ढीग आणि कपात ही दोन्ही टेबलं थेट एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) जोडली, तर तीन ढीग गुणिले दोन कपाती अशा सहा ओळी तयार होतात. वजन दुप्पट दिसतं आणि 240 रुपयांची कपात 720 होते. क्वेरी चालते, चूक दाखवणारा संदेश येत नाही, फक्त शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम चुकते. आधी ढिगांची बेरीज आवक क्रमांकानुसार वेगळी करायची, कपातीची वेगळी, आणि मग त्या दोन बेरजा जोडायच्या. नॉर्मलायझेशनची (माहिती पुन्हापुन्हा न येईल अशी टेबलांत वाटण्याची) व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही एक पट्टी सोडवलेली बरी.

थिअरीचा भाग, म्हणजे एमआयएस (व्यवस्थापनाला माहिती पुरवणारी यंत्रणा), ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), ई-कॉमर्सचे प्रकार, स्वतः वाचून होण्यासारखा आहे. फक्त नोट्स ताज्या आहेत का ते बघा. आयटी कायद्याचं कलम 66ए (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षेचं) सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. ते अजून चालू कलम म्हणून छापलेलं असेल तर त्या नोट्स बाजूला ठेवा. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा त्यात हवा. जीएसटीची उदाहरणं 12 टक्क्यांच्या टप्प्यावर बेतलेली असतील तर तीही जुनी. तो टप्पा 22 सप्टेंबर 2025 पासून काढला आहे.

भाषेचा मुद्दा इथे दुर्लक्षून चालत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्यांच्या घरी कन्नड, बारावी मराठीतून आणि पेपर इंग्रजीतून. चांगले शिक्षक समजावतात मराठीतून, पण मेन्यूचे आणि चूक दाखवणाऱ्या संदेशांचे शब्द इंग्रजीतच वाचायला लावतात. तेच योग्य आहे. मराठी टंकलेखन मात्र युनिकोडमध्येच शिका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेली नावं पडद्यावर मराठी दिसली तरी आत इंग्रजी चिन्हंच असतात, आणि युनिकोडमधल्या यादीशी ती कधीच जुळत नाहीत.

प्रवेशाची एक गोष्ट: 2024-25 पासून बीबीए आणि बीसीए एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा लागू झाली. बी.कॉम.ला ती लागत नाही. प्रोग्रॅमिंगच करायचं असेल तर सरळ बीसीए घ्या. बीबीएतल्या एखाद्या पायथनच्या पेपरवर ती भूक भागणार नाही. हिशेब, विक्री, साठा यांत रस असेल आणि संगणक हत्यार म्हणून हवा असेल, तर मात्र हीच पदवी बरोबर.

लॅपटॉप घ्यायचा तर 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला विंडोजचा घ्या. टॅली विंडोजवर चालतं, त्यामुळे मॅकवर खर्च करू नये. मोबाइलवरचं एक्सेल फाइल बघायला ठीक, सरावाला नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आयत्या मिळणाऱ्या फाइलींपासून लांब राहा. ओळखीच्या एका दुकानाची तीन महिन्यांची बिलं मालकाला विचारून घ्या, ग्राहकांची नावं आणि फोन नंबर आधी बदला, मग टॅलीत भरा, तिथून एक्सेलमध्ये काढा आणि कुठली पार्टी किती दिवस उधारी ठेवते ते दाखवा. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मधल्याच एखाद्या बिलाचा भाव बदलून बघा. शेवटच्या तक्त्यातला आकडा आपोआप हलला नाही, तर मध्ये कुठेतरी आकडा हाताने टाइप केलेला आहे. तो शोधून तिथे सूत्र घाला.